भूतकाळाची उत्तरसूची : इंग्रजी व्याकरणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांची चिकित्सा

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या घटक चाचणीसाठी प्रस्तुत लेखकाने इंग्रजी व्याकरणावर एक वस्तुनिष्ठ प्रश्न काढला होता. वाक्य असे होते : ‘द ट्रेन —— बिफोर वी रीच्ड द स्टेशन.’ रिकाम्या जागेसाठी ‘लेफ्ट’, ‘हॅड लेफ्ट’, ‘हॅज लेफ्ट’ आणि ‘इज लीव्हिंग’ असे चार पर्याय दिले होते. उत्तरसूचीत ‘हॅड लेफ्ट’ हे एकमेव उत्तर होते. उत्तरपत्रिका परत दिल्यावर एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, ‘सर, गाडी आधी सुटली हे ‘बिफोर’ या शब्दानेच कळते. मग ‘लेफ्ट’ का चूक?’ त्यावर ‘बिफोर आले की हॅड येते’ एवढेच उत्तर देण्यात आले. ती खाली बसली. पुढे प्रमाण व्याकरणग्रंथ पडताळून पाहताना लक्षात आले, की बरोबर तिचे होते आणि उत्तरसूची चुकली होती. तोपर्यंत गुण कार्यालयात जमा झाले होते.

प्रश्न एका गुणाचा होता. परंतु त्यातून निर्माण होणारा मुद्दा एका गुणापुरता मर्यादित नाही. इंग्रजी क्रियापदाच्या भूतकाळी रूपांची निवड हा शालेय परीक्षांपासून बँकांच्या व कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांपर्यंत सर्वत्र आढळणारा प्रश्नप्रकार आहे. यांपैकी अनेक स्पर्धा परीक्षांत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात. ज्या विद्यार्थ्याने भाषा समजून घेऊन उत्तर दिले त्याचे गुण जावेत आणि ज्याने खुणेचा शब्द पाहून ठोकळा बसवला त्याला ते मिळावेत, असे होत असेल तर अशा प्रश्नांची चिकित्सा होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात भूतकाळविषयक काही परिचित प्रश्नांची तपासणी करून हे प्रश्न नेमके काय मोजतात, याचा विचार करावयाचा आहे.

संदर्भक्षणाचे तत्त्व

भूतकाळाची निवड ही घटना केव्हा घडली एवढ्यावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ या ग्रंथात काळाच्या विश्लेषणासाठी तीन क्षण वेगळे केले : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि संदर्भाचा क्षण. संदर्भाचा क्षण म्हणजे बोलणारा जेथे उभा राहून घटनेकडे पाहतो तो क्षण होय. साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ एकत्र असतात व दोन्ही बोलण्याच्या मागे असतात. पूर्ण वर्तमानकाळात संदर्भ बोलण्याच्या क्षणाशी जुळलेला असतो आणि घटना त्यामागे असते. पूर्ण भूतकाळात मात्र संदर्भ भूतकाळात असतो आणि घटना त्याच्याही मागे जाते. ओटो येस्पर्सन यांनी 1924 च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात याच स्थानाला भूतकाळापूर्वीचा भूतकाळ या अर्थाची संज्ञा वापरली होती.

या विवेचनातून परीक्षकासाठी एक सरळ निष्कर्ष निघतो. घटनेचा क्षण वाक्यात दिलेला असू शकतो; परंतु संदर्भाचा क्षण बोलणारा निवडतो. तो आधीच्या वाक्यांतून, प्रसंगातून किंवा सांगण्याच्या हेतूतून ठरतो. एकाकी वाक्यात तो अनेकदा नसतोच. म्हणून एकच वाक्य देऊन ‘योग्य काळ निवडा’ असे सांगणे म्हणजे पुष्कळदा बोलणाऱ्याचा हेतू ओळखावयास सांगणे होय.

‘बिफोर’ आणि ‘व्हेन’ : एक विसंगती

‘बिफोर’ असलेले प्रश्न प्रथम पाहू. डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण दगावल्याचे वाक्य आपल्याकडील मार्गदर्शकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हे त्याचे ठरलेले रूप आहे. हे रूप अशुद्ध नाही. प्रश्न असा आहे, की ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हे रूप चूक कसे ठरते? क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 मधील ‘अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या बृहद्‌ग्रंथात ‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांसारख्या अव्ययांनी क्रम स्पष्ट होत असेल तेथे पूर्ण भूतकाळाऐवजी साधा भूतकाळ चालतो, हे स्वच्छपणे मान्य केलेले आहे. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातही दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवणे आवश्यक असू शकते, अशी सौम्य भाषा आहे. ‘असू शकते’ याचे ‘असलेच पाहिजे’ हे रूपांतर पुढे मार्गदर्शकांत आणि आपल्या वर्गांत झाले आहे.

आता ‘व्हेन’ असलेले वाक्य घेऊ : ‘व्हेन आय रीच्ड होम, मदर —— टी.’ पर्याय ‘मेड’, ‘वॉज मेकिंग’, ‘हॅड मेड’ आणि ‘हॅज मेड’. यांतील शेवटचा पर्याय निश्चित चूक आहे. उरलेले तिन्ही शुद्ध आहेत, मात्र तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. मी पोचल्यावर आईने चहा केला, मी पोचलो तेव्हा ती चहा करत होती, आणि मी पोचण्याआधीच तिचा चहा करून झाला होता, अशा या तीन परिस्थिती आहेत. येथे ‘व्हेन’ हा शब्द क्रम सांगत नाही. म्हणून क्रम सांगण्याचे सारे काम क्रियापदावर येते. ‘हॅड’ची खरी गरज या ठिकाणी आहे.

यातून एक विसंगती समोर येते. जेथे अव्ययानेच क्रम सांगितलेला असतो आणि म्हणून ‘हॅड’ची गरज सर्वांत कमी असते, तेथे आपले प्रश्न ‘हॅड’ची सक्ती करतात. जेथे ‘हॅड’मुळे अर्थ बदलतो, तेथे प्रसंग न देता एकच उत्तर मागितले जाते. पहिल्या प्रकारात शुद्ध उत्तर चूक ठरते. दुसऱ्या प्रकारात तीन शुद्ध उत्तरांपैकी परीक्षकाच्या मनातले एक ओळखावे लागते. विद्यार्थ्याने पूर्ण भूतकाळाचे कार्य समजून घेतले आहे किंवा नाही, हे दोन्ही प्रकारांत कळत नाही.

‘बाय द टाइम’ची गोष्ट वेगळी आहे. ‘बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ या वाक्यात ‘बाय द टाइम’ भूतकाळात एक मर्यादा आखते आणि त्या मर्यादेपर्यंत काय घडून गेले होते, असे विचारते. संदर्भाचा क्षण येथे वाक्यातच दिलेला आहे. त्यामुळे ‘हॅड लेफ्ट’ची अपेक्षा करणे येथे न्याय्य आहे. ‘बिफोर’ आणि ‘बाय द टाइम’ यांना मार्गदर्शकांत एकाच चौकटीत बसवले जाते. वस्तुतः परीक्षकाने त्यांतील भेद प्रथम स्वतः ओळखावयास हवा.

अप्रत्यक्ष कथन : दुसरे उदाहरण

अप्रत्यक्ष कथनातील भूतकाळाविषयीही हेच घडते. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ —— राउंड द सन’ या प्रश्नात ‘मूव्ह्ज’ हे उत्तर बरोबर आणि ‘मूव्ह्ड’ चूक मानले जाते. कारण त्रिकालाबाधित सत्य वर्तमानकाळातच सांगावे, असा नियम पाठ करवला जातो. प्रत्यक्षात मुख्य क्रियापद भूतकाळात असताना गौण वाक्यातील काळ मागे सरकणे ही इंग्रजीची स्वाभाविक प्रवृत्ती आहे आणि विधान अद्याप खरे असेल तर तो न सरकवण्याची मुभा आहे. अर्थात ‘मूव्ह्ड’ हेही शुद्धच ठरते. येथे मुभेचे रूपांतर सक्तीत झाले आहे.

याच्या उलट ‘ही सेड दॅट ही इज इल’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण सरसकट कापले जातात. मराठीत ‘तो म्हणाला, की तो आजारी आहे’ या वाक्यात काळ मागे सरकत नाही, आणि विद्यार्थ्याच्या वाक्यामागे ही सवय असते हे खरे. परंतु तो माणूस अजून आजारी असेल तर इंग्रजीतही हे वाक्य चालते. चूक आहे किंवा नाही, हे त्या माणसाच्या प्रकृतीवर अवलंबून आहे आणि प्रश्नात तिचा उल्लेख नसतो.

मराठी भाषकाची खरी अडचण

उपरोक्त प्रश्न जे मोजत नाहीत ते काय आहे, याचाही विचार केला पाहिजे. मराठी शालेय व्याकरणात ‘गेला होता’ या रूपाला पूर्ण भूतकाळ म्हणतात आणि इंग्रजी शिकवताना ‘हॅड गॉन’ या रूपालाही तेच नाव दिले जाते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 च्या मराठी व्याकरणापासून आपल्या व्याकरणलेखनावर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा प्रभाव राहिला आहे. काळांच्या नावांच्या बाबतीत ही चौकट सोयीची असली तरी एक नाव म्हणजे एक कार्य, असा भ्रम त्यातून निर्माण होतो.

‘तो पुण्याला गेला’, ‘तो पुण्याला गेला आहे’ आणि ‘तो पुण्याला गेला होता’ ही तीन वाक्ये पाहावीत. तिसरे वाक्य ऐकणाऱ्याला बहुधा असे कळते, की तो जाऊन आला. ती घटना आता मिटली. दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेच्या आधी तो गेला, असा अर्थ तेथे असेलच असे नाही. प्रस्तुत लेखाच्या पहिल्याच वाक्यात ‘प्रश्न काढला होता’ असे रूप आले आहे. ते वाचताना ‘कशाच्या आधी?’ असा प्रश्न मराठी वाचकाला पडत नाही. हेच रूप इंग्रजीत जसेच्या तसे नेले, की ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ असे वाक्य तयार होते. इंग्रजी ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो आणि ती येत नाही.

दुसरी अडचण ‘आहे’ची. मराठीत ‘पाहुणे काल आले आहेत’ हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत ‘द गेस्ट्स हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. कारण ‘यस्टरडे’ हा शब्द बोलण्याच्या क्षणापासून तोडलेला काळ दाखवतो आणि ‘हॅव’ त्या क्षणाशी नाते सांगते. तिसरी अडचण सवयीची. ‘मी लहानपणी शाळेत चालत जात होतो’ यातील ‘जात होतो’ हे रूप चालू क्रियेसाठी आणि सवयीसाठीही वापरले जाते. त्यामुळे ‘आय यूज्ड टू वॉक’ किंवा नुसते ‘आय वॉक्ड’ यांऐवजी ‘आय वॉज वॉकिंग टू स्कूल’ असे लिहिले जाते. चौथी अडचण ‘मला माहीत होते’चे ‘आय वॉज नोइंग’ होण्याची.

मातृभाषा केवळ अडथळा आणते, असे मात्र नाही. चहाच्या उदाहरणात इंग्रजीने केलेला तिहेरी भेद मराठी ‘केला’, ‘करत होती’ आणि ‘केला होता’ या रूपांनी तितक्याच नेमकेपणे करते. ‘आम्ही पोचण्यापूर्वी गाडी सुटली’ आणि ‘आम्ही पोचण्यापूर्वी गाडी सुटली होती’ ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात, जशी ती इंग्रजीतही चालतात. त्या विद्यार्थिनीने ‘लेफ्ट’ निवडले तेव्हा तिची मराठी तिला योग्य दिशेनेच नेत होती. तिला अडवले ते आपण शिकवलेल्या नियमाने. तर्खडकर भाषांतरमालेवर वाढलेल्या पिढ्या दोन भाषांतील वाक्ये शेजारी ठेवून इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीच्या मर्यादा मान्य करूनही, तुलनेची ती दृष्टी आपण गमावली आहे, असे म्हणावे लागते.

मापनशास्त्राच्या दृष्टीने

शैक्षणिक मूल्यमापनात विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन निकष वेगळे मानले जातात. कोणीही तपासले तरी तेच गुण मिळणे, हा विश्वसनीयतेचा भाग झाला. जे मोजावयाचे तेच मोजले जाणे, ही सप्रमाणता होय. चार पर्यायांच्या प्रश्नाला आपण वस्तुनिष्ठ म्हणतो ते पहिल्या अर्थाने. गुणदान वस्तुनिष्ठ असते, परंतु उत्तरसूची ठरवण्याचा निर्णय परीक्षकाचा व्यक्तिनिष्ठच असतो, आणि एकदा तो छापला गेला की तो शेकडो उत्तरपत्रिकांवर सारख्याच काटेकोरपणे लादला जातो. निबंधाच्या प्रश्नात परीक्षकाला विद्यार्थ्याचे म्हणणे वाचावे तरी लागते. येथे तीही संधी नसते.

‘बिफोर’च्या प्रश्नात चांगला वाचणारा विद्यार्थी अडखळतो आणि नियम पाठ करणारा पुढे जातो. अशा प्रश्नाची भेदक्षमता उलटी फिरते. ज्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी वाचन केले आहे, त्यांच्या कानाला ‘लेफ्ट’ खटकत नाही आणि म्हणून ते ‘चुकतात’.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा, की प्रारंभिक विद्यार्थ्याला निश्चित नियम लागतो. विकल्प सांगितल्यास तो गोंधळेल. शिकवताना नियम सोपा करणे समर्थनीय आहे. परंतु सोपा केलेला नियम परीक्षेत कायदा म्हणून वापरणे समर्थनीय नाही. ‘बिफोर’बरोबर ‘हॅड’ शिकवावे. मात्र ‘लेफ्ट’ला चूक ठरवू नये. दुसरा आक्षेप प्रमाण भाषेचा आहे. परीक्षेने औपचारिक रूपाचा आग्रह धरावा, हे मान्य आहे. ‘आय ऑलरेडी एट’ हे अमेरिकी बोलण्यात सर्रास असले तरी ब्रिटिश प्रमाणाला धरून ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ अपेक्षिणारा परीक्षक तशी सूचना प्रश्नपत्रिकेत देऊ शकतो. परंतु ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड’ हे वाक्य कोणत्याही प्रमाणात अनौपचारिक नाही. तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे : विद्यार्थिसंख्या मोठी असताना वस्तुनिष्ठ प्रश्नांवाचून गत्यंतर नाही. तेही खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रकार टाकून देण्याऐवजी तो नीट रचणे महत्त्वाचे ठरते.

प्रश्नरचनेविषयी काही सूचना

पहिली सूचना अशी, की प्रश्नात संदर्भाचा क्षण द्यावा. त्यासाठी एक जास्तीचे वाक्य पुरते. ‘वी रीच्ड द स्टेशन ॲट टेन. द प्लॅटफॉर्म वॉज एम्प्टी, बिकॉज द ट्रेन —— टेन मिनिट्स अर्लियर’ या रचनेत दहा वाजताचा क्षण पक्का होतो. त्यामागची घटना दाखवण्यासाठी ‘हॅड लेफ्ट’ हाच नेमका पर्याय उरतो. तरीही ‘लेफ्ट’ हा पर्याय विचलक म्हणून न ठेवणे अधिक सुरक्षित होय.

दुसरी सूचना, रूपाऐवजी अर्थ विचारावा. चहाची तीन वाक्ये द्यावीत आणि ‘कोणत्या वाक्यात मी पोचलो तेव्हा चहा तयार होता?’ असे विचारावे. येथे एकच उत्तर आहे आणि ते देण्यासाठी पूर्ण भूतकाळाचे कार्य समजावेच लागते.

तिसरी सूचना, मराठी भाषकाच्या प्रत्यक्ष अडचणींवर प्रश्न काढावेत. ‘लास्ट संडे आय —— टू पुणे, मेट माय अंकल अँड रिटर्न्ड बाय इव्हनिंग’ या वाक्यात घटना एकामागून एक पुढे जातात. येथे ‘वेंट’ बरोबर आणि ‘हॅड गॉन’ अस्थानी आहे. ‘द गेस्ट्स —— यस्टरडे’ या प्रश्नात ‘केम’ आणि ‘हॅव कम’ यांतील निवडही निर्विवाद आहे. आपल्या मार्गदर्शकांत ‘हॅड’ कोठे घालावे याचे प्रश्न विपुल आहेत. ते कोठे घालू नये याचे प्रश्न मात्र क्वचित आढळतात.

चौथी सूचना सर्वांत सोपी आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय वाक्यात बसवून पूर्ण वाक्य मोठ्याने वाचावे आणि ते का चूक आहे, याचे एका वाक्यात कारण लिहावे. ‘बिफोर आले म्हणून’ हे कारण नव्हे. कारण लिहिता आले नाही तर तो पर्याय काढून टाकावा. शक्य असल्यास उत्तरसूची न दाखवता तो प्रश्न एखाद्या सहकाऱ्याला सोडवावयास द्यावा.

समारोप

भूतकाळाची निवड म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःसाठी केलेली जागेची निवड आहे. ही जागा न दाखवता रूप मागणारा प्रश्न भाषेची परीक्षा घेत नाही; तो ठरावीक शब्दाला ठरावीक प्रतिसाद देण्याची सवय तपासतो. मराठी भाषक विद्यार्थ्याची खरी चूक त्यात पकडली जात नाही आणि त्याची खरी समज पुष्कळदा दंडित होते. यावरील उपाय प्रश्न काढणाऱ्याच्या हातात आहेत. त्यांना खर्च नाही, फक्त वेळ लागतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला तिचे उत्तर बरोबर होते, हे नंतर वर्गात सर्वांसमक्ष सांगण्यात आले. गुण मात्र वाढवता आले नाहीत. त्यानंतर प्रस्तुत लेखक उत्तरसूची वर्गात वाचून दाखवतो आणि ‘यांतील कोणते उत्तर तुम्हांला पटत नाही?’ असे विचारून, आलेल्या हरकती पाहिल्यावरच गुण कार्यालयात पाठवतो.